ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक : जुन्या मोटारींतील रूपांतरानंतरचे दोष व त्यांचे निदान

प्रास्ताविक

१९५० ते १९७० या काळात तयार झालेल्या मोटारी आजही चालू स्थितीत राखणारे पुष्कळ हौशी लोक अमेरिकेत व युरोपात आहेत. या मोटारींवर जे फेरफार केले जातात त्यांत पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून त्यांच्या जागी डिस्क ब्रेक बसविणे हा फेरफार विशेष लोकप्रिय आहे. त्यासाठी लागणारे सुटे भाग तयार संचाच्या रूपाने विकत मिळतात व सामान्य हत्यारांनी ते बसविताही येतात. काम पूर्ण झाले की गाडी पूर्वीपेक्षा चांगली थांबेल अशी मालकाची अपेक्षा असते. परंतु कित्येकदा अनुभव उलट येतो. पेडल दगडासारखे कठीण होते. किंवा ते थेट तळाला जाते. किंवा काही मैल चालल्यावर पुढची चाके आपोआप आवळली जातात. किंवा जोराने ब्रेक लावताच मागची चाके आधी अडकतात आणि गाडी रस्त्यावर आडवी फिरते. यांपैकी शेवटचा दोष प्राणघातक आहे हे निराळे सांगावयास नको.

असे झाले की दोष नव्या भागांच्या माथी मारण्याची प्रवृत्ती दिसते. कॅलिपर बदलला जातो, पॅड बदलले जातात, पुन:पुन्हा हवा काढली जाते. दोष मात्र कायम राहतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रूपांतरानंतरचे बहुतेक दोष हे न बदललेल्या जुन्या भागांत दडलेले असतात. द्रवचालित ब्रेक ही एक संपूर्ण रचना असून तिच्यातील प्रत्येक भागाचे माप दुसऱ्या भागाच्या मापाशी बांधलेले असते. एका टोकाचा भाग बदलला की उरलेल्या सर्व भागांचे माप नव्याने तपासावे लागते. ते कसे तपासावे, आणि लक्षणावरून कारणाकडे क्रमाक्रमाने कसे जावे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

विवेचनासाठी फोर्ड कंपनीची मस्टँग ही मोटार उदाहरण म्हणून घेतली आहे. एप्रिल १९६४ मध्ये ही गाडी बाजारात आली. तिच्या साध्या प्रकारात चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६५ सालच्या गाड्यांवर पुढील चाकांसाठी डिस्क ब्रेक मागणीनुसार मिळू लागले. आज ज्या गाड्यांवर हे रूपांतर मोठ्या प्रमाणावर होते त्यांत हिची गणना होते, आणि तिच्यात आढळणारे दोष त्या काळातील इतर मोटारींतही तसेच आढळतात.

दोन ब्रेकांतील मूलभूत भेद

चकतीला दोन बाजूंनी चिमटून चाक थांबविण्याची कल्पना नवी नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. परंतु तिचे महत्त्व सर्वांच्या प्रत्ययास आले ते १९५३ साली, जेव्हा डनलॉप कंपनीचे डिस्क ब्रेक असलेल्या जग्वार गाडीने ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५५ साली सिट्रोएन कंपनीच्या डीएस या मोटारीवर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले आणि पुढील दोन दशकांत ते सर्वत्र रूढ झाले.

ड्रम ब्रेकमध्ये अर्धचंद्राकृती दोन शू फिरत्या ड्रमच्या आतील पृष्ठावर दाबले जातात. ड्रम फिरत असल्यामुळे तो शूला आपल्याबरोबर ओढतो, आणि या ओढीमुळेच शू ड्रमवर अधिक जोराने रुतून बसतो. यास स्वबलवर्धन म्हणता येईल. मस्टँगच्या ड्रम ब्रेकमध्ये एका शूचे बल दुसऱ्याकडे पोहोचविण्याची योजना असल्याने ही वाढ पुष्कळच होते. शूवर लावलेल्या बलाच्या किती पट घर्षणबल ड्रमवर मिळते, या संख्येस आपण ब्रेक-गुणक म्हणू. घर्षणगुणांक ०.३५ च्या आसपास असता अशा ड्रम ब्रेकचा गुणक सुमारे ४ असतो.

डिस्क ब्रेकमध्ये स्वबलवर्धन मुळीच नाही. पॅडवरील बल चकतीच्या पृष्ठाशी काटकोनात असते. चकती पॅडला ओढते, पण त्या ओढीने पॅड अधिक दाबला जात नाही. दोन पृष्ठांवर घर्षण होते म्हणून त्याचा गुणक घर्षणगुणांकाच्या दुप्पट, म्हणजे ०.७ इतकाच येतो.

मग डिस्क ब्रेक श्रेष्ठ का मानावयाचा ? त्याचे उत्तर उष्णतेत आहे. ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो, शूपासून तो दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते. शिवाय तापलेल्या लायनिंगचा घर्षणगुणांक घटला की ड्रमचा गुणक त्या प्रमाणापेक्षाही अधिक घटतो, कारण मूळ घर्षण व त्यावर आधारलेले स्वबलवर्धन ही दोन्ही एकदम कमी होतात. चकती उघड्या हवेत असते, लवकर निवते, आणि तापल्यावर तिची जाडी किंचित वाढत असल्याने पॅडपासूनचे अंतर वाढत नाही. तात्पर्य, डिस्क ब्रेक बळाने मोठा नाही. तो भरवशाचा आहे. त्याची बळाची उणीव भरून काढण्याचे काम उरलेल्या रचनेने करावयाचे असते. रूपांतरातील साऱ्या अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे.

तीन राशींचा हिशेब

ब्रेकच्या रचनेत तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो : दाब, द्रवाचे आकारमान, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील वाटणी. पुढील उदाहरणातील मापे या प्रकारच्या गाडीस साजेशी अशी धरलेली आहेत. प्रत्यक्ष गाडीची मापे घेऊन वाचकांनी तोच हिशेब करावा.

दाब. पायाने पेडलवर ३०० न्यूटन बल लावले आणि पेडलच्या तरफेचे प्रमाण ६ असले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १,८०० न्यूटन बल येते. त्या दट्ट्याचा व्यास १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ ५०७ चौरस मिलिमीटर होते व द्रवात ३.५५ मेगापास्कल दाब उत्पन्न होतो. पास्कलच्या नियमानुसार हाच दाब चारही चाकांपर्यंत पोहोचतो.

पुढच्या ड्रममध्ये २८.६ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या असेल तर शूवर सुमारे २,२८० न्यूटन बल येईल. गुणक ४ व ड्रमची त्रिज्या १२७ मिलिमीटर धरता एका चाकावर सुमारे १,१५० न्यूटन-मीटर इतके रोधक परिबल मिळते. आता ड्रम काढून तेथे ६० मिलिमीटर व्यासाचा एक दट्ट्या असलेला सरकता कॅलिपर बसविला. दट्ट्याचे क्षेत्रफळ २,८२७ चौरस मिलिमीटर, बल सुमारे १०,००० न्यूटन, गुणक ०.७, चकतीची परिणामी त्रिज्या ११५ मिलिमीटर. यावरून परिबल सुमारे ८१० न्यूटन-मीटर येते. म्हणजे पायाचे बल तेच ठेवले तर नवा ब्रेक जुन्यापेक्षा जवळजवळ तीन-दशांशाने दुबळा ठरतो. “डिस्क बसविले पण गाडी थांबत नाही” या तक्रारीचा उलगडा येथेच होतो.

आकारमान. ड्रमच्या छोट्या दट्ट्यांना थोडा द्रव पुरतो. कॅलिपरचा दट्ट्या मोठा असल्याने तो अर्धा मिलिमीटर सरकला तरी १.४ घनसेंटिमीटर द्रव लागतो. दोन्ही चाकांचा मिळून २.८ घनसेंटिमीटर. १ इंची मास्टर सिलिंडरला यासाठी ५.६ मिलिमीटर सरकावे लागेल, म्हणजे पेडल ३३ मिलिमीटर खाली जाईल. दाब वाढावा म्हणून मास्टर सिलिंडर सात-अष्टमांश इंची घेतला तर दाब एकतीस टक्क्यांनी वाढेल खरा, परंतु त्याच हिशेबाने पेडल ४४ मिलिमीटर खाली जाईल. दाबात जे मिळते ते चालीत द्यावे लागते. तरफेचा हा नियम चुकत नाही.

वाटणी. जोराने थांबताना गाडीचे वजन पुढे झुकते. १,३५० किलोग्रॅम वस्तुमान, २.७४ मीटर चाकांतर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.५३ मीटर धरली, तर गुरुत्व त्वरणाच्या ०.७ पट ऋण त्वरणाने थांबताना सुमारे १८३ किलोग्रॅम भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. स्थिर असताना पुढे ५४ टक्के भार असेल तर थांबताना तो ६८ टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. अर्थात रोधक बलाचीही वाटणी जवळपास तशीच असावयास हवी. मूळ ड्रम रचनेत मागच्या चाकांना २२.२ मिलिमीटर व्यासाचे दट्ट्ये असतील तर तेथे प्रत्येक चाकावर सुमारे ७०० न्यूटन-मीटर परिबल येते, व पुढचा वाटा ६२ टक्के होतो. पुढे डिस्क बसविल्यावर हाच वाटा ५४ टक्क्यांवर घसरतो. मागची चाके हलकी होत असतानाच त्यांच्याकडे ब्रेकचा अधिक वाटा जातो आणि ती आधी अडकतात. अडकलेले चाक बाजूला घसरण्यास विरोध करू शकत नाही. म्हणून मागची चाके प्रथम अडकलेली गाडी सरळ राहत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पेडल कठीण वाटते म्हणून लहान मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर बसविला तर दाब पुढे व मागे सारखाच वाढतो. वाटणी ५४ टक्केच राहते. उलट मागची चाके आता पायाच्या कमी बलाने अडकू लागतात. एका दोषाचे निवारण करताना दुसरा, अधिक घातक दोष प्रकट होतो. वाटणी सुधारण्याचे मार्ग दोनच : दट्ट्यांची क्षेत्रफळे बदलणे, किंवा मागच्या नळीत ठरावीक दाबानंतर दाबवाढ आवरणारी प्रमाणक झडप बसविणे.

लक्षणे व त्यांची कारणे

१. पेडल कठीण, ब्रेक दुबळा. याचे पहिले कारण वर सांगितलेली दाबाची उणीव होय. मास्टर सिलिंडरचा व्यास व पेडलचे तरफ-प्रमाण प्रथम मोजावे. बूस्टर नसलेल्या रचनेत हे प्रमाण ६ च्या आसपास असते व बूस्टर असलेल्या रचनेत ४ च्या आसपास. बूस्टरसाठीचा मोठा मास्टर सिलिंडर बूस्टरशिवाय वापरला तर असेच कठीण पेडल मिळणार.

बूस्टर असूनही पेडल कठीण असेल तर निर्वात तपासावा. बूस्टरचे बल इंजिनाच्या शोषनळीतील निर्वाताचा वातावरणाशी असलेल्या दाबातील फरकावर अवलंबून असते. ९ इंच व्यासाच्या पडद्यावर १८ इंच पाऱ्याइतका निर्वात असता सुमारे २,५०० न्यूटन बल मिळते. तोच १० इंचांवर आला तर ते १,३९० न्यूटनांवर उतरते. जुन्या गाडीच्या इंजिनात शर्यतीच्या धर्तीचा कॅमशाफ्ट बसविलेला असल्यास मंद गतीत निर्वात इतका घटू शकतो. अशा ठिकाणी दोष ब्रेकमध्ये शोधणे व्यर्थ होय. बूस्टरची सोपी परीक्षा अशी : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय दाबून धरून इंजिन चालू करावे. बूस्टर ठीक असेल तर पेडल पायाखाली किंचित खाली जाते.

तिसरे कारण पॅड. नवे पॅड व नवी चकती यांची पृष्ठे एकमेकांवर बसण्यास काही वेळ लागतो. मध्यम वेगावरून बेताने अनेकदा ब्रेक लावून व मधे निवण्यास अवधी देऊन ती बसवावी लागतात. हाताळताना पॅडवर ग्रीस किंवा ब्रेकचा द्रव लागला असेल तर ते बदलण्यास पर्याय नाही.

२. पेडल खोल जाते किंवा मऊ लागते. ‘खोल’ व ‘मऊ’ ही दोन भिन्न लक्षणे आहेत. त्यांची गल्लत करू नये. पेडल एकदा दाबल्यावर खोल जाते, पण लगेच दुसऱ्यांदा दाबले असता वर येते व घट्ट लागते, असे असेल तर कुठे तरी अंतर अधिक आहे. मागच्या ड्रममधील शू ढिले राहणे हे याचे नेहमीचे कारण. पुढच्या कामात गुंतलेल्या माणसाचे मागच्या शूंकडे दुर्लक्ष होते. त्याखालोखाल पुढच्या चाकाचे बेअरिंग ढिले असणे. चकती डोलते, पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी ते अंतर भरून काढण्यास अधिक द्रव लागतो. एका चाकाचा दट्ट्या १ मिलिमीटर मागे ढकलला गेला तरी पेडलची चाल ३३ मिलिमीटरनी वाढते, हे वरील मापांवरून काढता येते.

दोन-तीनदा दाबूनही पेडल स्पंजासारखे दबत असेल तर रचनेत हवा आहे. द्रव दाबाने आकुंचन पावत नाही असे व्यवहारात मानता येते; हवा पावते. पुन:पुन्हा हवा काढूनही ती निघत नसेल तर कॅलिपर उजवा-डावा अदलाबदल होऊन बसलेला नाही ना हे पाहावे. हवा काढण्याचा निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या भागी असला पाहिजे. कॅलिपर विरुद्ध बाजूस बसविला गेला की निपल खाली येतो व वरच्या पोकळीतील हवा कितीही प्रयत्न केला तरी बाहेर पडत नाही. बाह्यतः सर्व काही सुरेख बसलेले दिसते, म्हणूनच हा दोष सहसा ध्यानात येत नाही. नवा मास्टर सिलिंडर गाडीवर चढविण्यापूर्वी टेबलावरच द्रवाने भरून त्यातील हवा काढावी, हेही आवश्यक आहे.

पेडलवर स्थिर दाब ठेवला असता ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कोठे तरी गळती आहे. बाहेर द्रव दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी कप द्रव मागे सोडीत आहे असे समजावे.

३. चाके आवळलेली राहणे. ड्रम ब्रेकच्या काळातील मास्टर सिलिंडरमध्ये अवशेष-दाब राखणारी एक झडप असे. पेडल सोडल्यावरही नळ्यांत सुमारे ०.०७ मेगापास्कल दाब तिच्यामुळे टिकून राही. चाकाच्या सिलिंडरमधील रबरी कपांच्या कडा त्यामुळे भिंतीशी चिकटून राहत व हवा आत शिरत नसे. शूंना मागे खेचणाऱ्या दणकट स्प्रिंगा असल्याने या दाबाचा त्यांना उपद्रव नव्हता. परंतु कॅलिपरला अशी स्प्रिंग नसते. त्याचा दट्ट्या मागे घेण्याचे काम चौकोनी छेदाचे एक रबरी कडे करते. दाबाने ते किंचित वाकते व दाब जाताच पूर्ववत् होते. ०.०७ मेगापास्कल दाब २,८२७ चौरस मिलिमीटरवर सुमारे २०० न्यूटन बल देतो. एवढे बल अखंड राहिले तर पॅड चकतीस घासत राहतात, उष्णता वाढते, उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, दाब आणखी चढतो आणि शेवटी चाक अडकते. काही मैल गेल्यावरच दोष का दिसतो याचे हे स्पष्टीकरण होय. यास्तव पुढच्या नळीत ही झडप असता कामा नये. मागच्या ड्रमसाठी मात्र ती राहू द्यावी. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर, म्हणजे गाडीच्या तळाशी असेल, तर द्रव परत वाहून जाऊ नये म्हणून सुमारे ०.०१४ मेगापास्कलची अगदी हलकी झडप डिस्कच्या नळीत वापरतात. मस्टँगचा मास्टर सिलिंडर इंजिनामागच्या भिंतीवर उंच असल्याने तिला तिची गरज नाही. दोन कप्प्यांचा नवा मास्टर सिलिंडर घेताना पुढची व मागची नळी उलट जोडली गेली तर अवशेष-दाबाची झडप नेमकी डिस्कवर येते, याचेही भान ठेवावे.

याच लक्षणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे पुशरॉड लांब असणे. पेडल सोडलेले असताना मास्टर सिलिंडरमधील एक बारीक भोक उघडे राहून नळ्या व द्रवाचे भांडे यांचा संबंध राहतो. तापून फुगलेला द्रव त्यातून वर परत जातो. पुशरॉड किंचित लांब असला की दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेले राहते आणि द्रव कोंडतो. पुशरॉड व दट्ट्या यांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास मोकळीक हवी. भोक उघडे आहे की नाही हे पाहण्यासाठी भांड्याचे झाकण काढून पेडल अगदी हलके दाबावे. द्रवाच्या पृष्ठावर बारीकशी उसळी दिसली तर ते उघडे आहे. डोळ्यांत द्रव उडू नये म्हणून तोंड जवळ नेऊ नये.

४. मागची चाके आधी अडकणे. याची मीमांसा वर झालीच आहे. फोर्डने स्वतः १९६५ साली डिस्क ब्रेक दिले तेव्हा मागच्या नळीत दाब आवरणारी झडपही दिली होती, हे येथे स्मरणीय आहे. पुढे पुष्कळ गाड्यांत आणखी एक विलंबक झडप आली. मागच्या शूंना स्प्रिंगांचा विरोध मोडून ड्रमपर्यंत पोहोचावे लागते, तर पॅड चकतीला जवळजवळ टेकलेलेच असतात. म्हणून हलक्या ब्रेकला फक्त पुढची चाके थांबू लागतात. विलंबक झडप पुढचा दाब क्षणभर रोखून दोहोंचा आरंभ एकाच वेळी घडवून आणते. प्रमाणक झडप जोराच्या ब्रेकसाठी, विलंबक झडप हलक्या ब्रेकसाठी. एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

५. गाडी एका बाजूस ओढणे, पेडल थरथरणे. एका बाजूची रबरी नळी आतून सुजून अरुंद झालेली असणे, सरकत्या कॅलिपरचे खुंट गंजलेले असणे, किंवा एका पॅडवर ग्रीस लागणे ही ओढण्याची कारणे. थरथर बहुधा चकतीच्या डोलण्याने होते. हबच्या पृष्ठावर गंज किंवा रंगाचा थर राहिला तरी चकती तिरकी बसते. डायल गेजने मोजता हे डोलणे एक-दशांश मिलिमीटरच्या आत असावे.

६. गळती नसताना द्रव कमी होणे. हा दोष नसून झिजेचा परिणाम आहे. सरकत्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड ८-८ मिलिमीटर झिजले तर दट्ट्या एकंदर १६ मिलिमीटर बाहेर येतो व त्यामागे ४५ घनसेंटिमीटर द्रव जातो. दोन चाकांचा ९० घनसेंटिमीटर. ड्रमसाठी केलेले लहान भांडे तेवढ्याने रिकामे होऊन हवा ओढू शकते. म्हणून डिस्कच्या बाजूचे भांडे मोठे हवे.

द्रवाविषयी आणखी एक सूचना. कारखान्यात त्यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणण्याचा प्रघात असला तरी तो ग्लायकोलजन्य द्रव असून हवेतील पाणी शोषून घेतो. डॉट ३ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर पाणी शोषलेल्याचा किमान १४० अंश ठरविलेला आहे. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. कॅलिपर तापले की जुना द्रव उकळतो, वाफ दबते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. रूपांतराच्या वेळी जुना द्रव संपूर्ण काढून टाकणे म्हणूनच श्रेयस्कर.

निदानाचा क्रम

कारणे अनेक असली तरी ती शोधण्याची रीत एकच आहे : रचनेचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा पारखणे.

खोल किंवा मऊ पेडलसाठी मास्टर सिलिंडरपासून निघणाऱ्या नळ्या सोडवून त्यांच्या जागी घट्ट बुचे बसवावीत. आता पेडल दगडासारखे घट्ट लागले तर मास्टर सिलिंडर निर्दोष आहे. न लागले तर दोष त्याच्यात किंवा त्यात राहिलेल्या हवेत आहे. मग मागची नळी जोडून पाहावे, नंतर पुढची. ज्या नळीच्या जोडणीने पेडल बिघडते तिकडे दोष.

आवळलेल्या चाकासाठी गाडी उचलून, उरलेल्या चाकांना अडण्या लावून, दोष प्रकट झालेला असतानाच उलट्या क्रमाने जावे. प्रथम मास्टर सिलिंडर बूस्टरला जोडणाऱ्या चक्क्या थोड्या सैल कराव्यात. चाक सुटले तर पुशरॉड लांब आहे. सुटले नाही तर मास्टर सिलिंडरवरील नळी सैल करावी. आता सुटल्यास अवशेष-दाबाची झडप किंवा झाकलेले भोक कारण होय. तरीही न सुटल्यास कॅलिपरचा निपल उघडावा. तेव्हा सुटले तर मधली रबरी नळी बंद झाली आहे. निपल उघडूनही चाक अडकलेलेच असेल तर दाबाचा संबंध नाही. कॅलिपरचा दट्ट्या किंवा खुंट गंजाने धरले आहेत.

वाटणीची परीक्षा मात्र रस्त्यावरच करावी लागते. ती रहदारी नसलेल्या, कोरड्या, सपाट जागी, कमी वेगापासून आरंभ करून घ्यावी, आणि पुढची चाके मागच्यांच्या आधी अडकू लागेपर्यंत प्रमाणक झडप जुळवावी. तोवर ती गाडी रहदारीत नेऊ नये.

समारोप

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख केल्याविना हे विवेचन पुरे होणार नाही. १९६५ व १९६६ च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. चारही चाकांचा द्रव एकाच वाटेने जाई. एखादी नळी फुटली तर चारही ब्रेक एकदम जात. १९६७ च्या गाडीत दोन कप्प्यांचा सिलिंडर आला, आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना अशी द्विमार्गी रचना नियमानेच बंधनकारक झाली. जो मनुष्य पुढच्या चाकांवर नवे डिस्क बसवितो व मागे तो एककप्पी सिलिंडर तसाच ठेवतो, त्याने गाडीचा दर्शनी भाग सुधारला, पण तिचा सर्वांत कच्चा दुवा राखून ठेवला असे म्हणावे लागते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व एका जुन्या मोटारीपुरते मर्यादित नाही. चालत्या यंत्रात एखादा श्रेष्ठ भाग घातला म्हणजे यंत्र आपोआप श्रेष्ठ होते, हा समज किती फसवा आहे हे येथे साध्या गुणाकार-भागाकाराने सिद्ध होते. मूळ रचनाकाराने ड्रमच्या चौपट गुणकावर विसंबून सिलिंडर, तरफ, झडपा व भांडे यांची मापे ठरविली होती, गुणक ०.७ वर आला की त्या साऱ्या मापांचा आधार निघून जातो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी दाब, आकारमान व वाटणी यांचा हिशेब कागदावर मांडावा. तो मांडला असता वर वर्णिलेल्या दोषांपैकी बरेचसे दोष उद्भवतच नाहीत. आणि जे उद्भवतात ते शोधण्यास रस्त्यावर कोणाचा जीव धोक्यात घालावा लागत नाही.